दगडी

अल-खर्जच्या बाहेर, पत्र्याच्या लांबलचक शेडखाली
रात्री दोनची धार.
वाळू अजून निवलेली नाही.
आत पंखे, तुषार, आणि पन्नास गायी ओळीनं,
पाठ आमच्याकडे.
तोंडं बघायची सोय नाही इथे,
गाय ओळखायची ती कासेवरून.

गाव विचारतात. सांगतो, कासेगाव.
हसण्याइतकी मराठी कुणालाच येत नाही.

मी यंत्राकडचा माणूस. धार काढत नाही,
धार काढणाऱ्याचा श्वास ऐकतो.
मिनिटाला साठ : ओढ, सोड. ओढ, सोड.
सत्तावीस नंबर लंगडतोय
हे मला जेवतानाही कळतं,
डाळीत चमचा त्याच तालात फिरतो.

हिराक्कानं मला धार शिकवली, हातावर चापट मारून.
‘अंगठा मुडपू नको रे, सड हाय त्यो, पेरू न्हवं.
अख्खी मूठ. वरनं खाली.’

नवं रबर म्हणजे अख्खी मूठ.
अडीच हजार धारा झाल्या
की ते अंगठा मुडपायला लागतं.

अडीच हजार म्हणजे आमच्याकडे एकवीस दिवस.
एकविसाव्या दिवशी मी स्टोअरच्या खिडकीशी.
तंकच्चन चष्म्यावरून बघतो, ‘नेक्स्ट मंथ.’
दोनशे रबरं, बारा रियालला एक,
चोवीसशे रियाल वाचले.
मीटिंगमध्ये रूलॉफसाहेबांनी हिरव्या रंगात दाखवले ते.
टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

पस्तिसाव्या दिवशी मोफज्जल म्हणाला, दादा, इकडे ये.
चव्वेचाळीस-सतरा. मागचा डावा सड.
काळ्या वाटीत पहिली धार घेतली :
दूध नव्हतं, फाटक्या ताकासारखं काहीतरी, गुठळ्या.
कासेला हात लावला.
गरम.
आणि टणक.
आमच्याकडे याला दगडी म्हणतात,
असं म्हटलं तर डॉ. इद्रीसनी वहीत लिहून घेतलं
अरबीत, उजवीकडून डावीकडे : दगडी.

आता हिशेब.
एक गाय. दिवसाला चाळीस लिटर.
औषधाचे नि औषध उतरण्याचे मिळून सात दिवस
दूध टाकीत नाही, गटारात.
दोनशे ऐंशी लिटर. लिटरला दोन रियाल धरा.
पाच गायींत चोवीसशे फिटतात,
वर चारशे अंगावर.
त्या महिन्यात आजारी पडल्या एकतीस.

शेडमागे खड्डा आहे.
तिथं ओततात ते दूध.
ओतताना पांढरं, मोजून दहापर्यंत पांढरं,
मग वाळू पुन्हा वाळूच्या रंगाची.
मांजरं येतात, हुंगतात, परत जातात.

टाकीचा नमुना चार लाखांवर गेला,
डेअरीनं दर पाडला,
आणि दर्जाचा बोनस, माणशी साठ रियाल, बंद.
मोफज्जलच्या बहिणीच्या शिलाई मशीनचा
तो सहावा हप्ता होता.
हिरव्या रंगात हे कुठं दाखवायचं?

चव्वेचाळीस-सतराचा तो सड मेला. मग ताप, मग ट्रक.
चढताना तिचं तोंड पहिल्यांदा दिसलं मला.
कपाळावर पांढरा ठिपका, जरा तिरपा,
घाईत लावल्यासारखा.

त्या रात्री सत्तावीस नंबरचं रबर काढलं,
ब्लेडनं उभं चिरलं,
आणि सकाळी साहेबांच्या टेबलावर ठेवलं,
त्यांच्या कॉफीशेजारी. बोललो नाही.
इंग्रजी जेमतेम, आणि रागात तर तेवढंही नाही.

आतून भेगाच भेगा. उन्हाळ्यातल्या टाचेसारख्या.

साहेब बराच वेळ बघत राहिले.
मग त्यांनी त्यात बोट ठेवलं,
आणि मी मुठीनं, हळूच,
वरून खाली, एकदाच दाबलं.

खोकी आली सोमवारी.
तंकच्चननं सही घेतली, दोनदा मोजली.
मी आणि मोफज्जल रात्रभर रबरं चढवत होतो,
हातांना नव्या टायरचा वास.

पहाटे सत्तावीस नंबर लावला. ओढ, सोड.
सरळ चालला.
त्या जागी दुसरीच गाय उभी होती.
तिला काय माहीत.
पान्हा सोडला तिनं, नेहमीसारखा.